दोन दोऱ्या

शौर्यावर अधिक बोलावे ते शौर्य अंगी नसणाऱ्यांनीच, असा जगाचा शिरस्ता दिसतो. आम्ही या शिरस्त्याला अपवाद नाही. इतिहास हा विषय घेऊन पदवीधर झाल्यामुळे तर आमच्या जिभेला या बाबतीत विशेष धार आलेली आहे. पानिपतच्या रणात भाऊसाहेबांनी काय करावयास हवे होते, हे आम्ही कार्यालयातील मधल्या सुट्टीत डबा खाता खाता सांगू शकतो. दिल्लीतील मराठी मंडळींबरोबर कालाआंबच्या स्मारकाला जाऊन तेथे आम्ही दोन वेळा भाषणही केले आहे. मात्र त्याच प्रवासात बसचा वाहक सुटे पैसे देईना, तेव्हा ते मागण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही, सौ.ने ते मागून घेतले. केंद्र सरकारच्या सेवेत लिपिक म्हणून बारा वर्षे काढलेल्या माणसाचे शौर्य साधारणतः एवढेच उरते, आणि परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांपैकी निदान काहींना तरी हे वाचून स्वतःची आठवण होईल, असा आमचा विश्वास आहे.

योगायोग असा की आमचे बिऱ्हाडही द्वारकेत आहे. ही द्वारका सौराष्ट्रातील नव्हे. दिल्लीच्या नैर्ऋत्येस पप्पनकलां नावाच्या जागी वसवलेली, सेक्टरांच्या आकड्यांनी ओळखली जाणारी. २००५ सालच्या अखेरीस येथे मेट्रो आली आणि आमच्यासारख्यांना राजधानीच्या मध्यभागी चाकरी करून राजधानीच्या कडेला निजण्याची सोय झाली. पण नाव ते नावच! श्रीकृष्णाने मथुरा सोडून द्वारका वसवली ती जरासंधाच्या स्वाऱ्यांना कंटाळून, आणि कालयवनापुढून तो पळाला म्हणून त्याला ‘रणछोड’ हे नाव पडले. तेव्हा रण सोडलेल्या माणसाने द्वारकेत राहावे हे पुराणाला धरूनच आहे, असे आम्ही स्वतःचे समाधान करून घेत असू. फरक एवढाच की श्रीकृष्ण पळाला तो कालयवनाला मुचकुंदाच्या गुहेकडे नेण्यासाठी. त्याच्या पळण्यात युक्ती होती. आमच्या पळण्यात ती कधीच नव्हती, हे मात्र आम्हांला गेल्या वर्षापर्यंत उमगले नव्हते.

ते ज्यांच्यामुळे उमगले ते सुभेदारसाहेब आमच्या समोरच्या सोसायटीत मुलाकडे राहतात. मूळचे सातारा जिल्ह्यातील. मराठा लाइट इन्फन्ट्रीत अठ्ठावीस वर्षे काढून निवृत्त झालेले. फौजेत मराठा जवानाला कौतुकाने ‘गणपत’ म्हणतात, हे आम्हांला प्रथम त्यांच्याकडून कळले. संध्याकाळी बागेतल्या तिसऱ्या बाकावर ते ताठ बसलेले असतात. डोक्यावरून पालमकडे उतरणारी विमाने इतकी खालून जातात की बोलणे मध्येच थांबवावे लागते. अशा वेळी सुभेदारसाहेब नुसते वर बघतात. एकदा आम्ही सहज विचारले, “विमानांची आवड दिसते आपल्याला?” ते म्हणाले, “आवड कसली, बाबूजी! आपली पोरं पेटीतनं येत्यात ती हितंच पालमला उतरत्यात. कुटलं इमान कुनाचं, त्ये खालनं काय कळतंय?” फौजेत कारकुनाला ‘बाबूजी’ म्हणण्याची पद्धत आहे, पहिल्या भेटीतच आमचा हुद्दा ऐकून त्यांनी आम्हांला ते नाव बहाल केले होते. त्या दिवसापासून विमान गेले की आमचेही बोलणे थांबते, आणि ते केवळ आवाजामुळे नव्हे.

एके संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे व्याख्यान आरंभले. विषय होता सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. हे कारवारकडील चेंडिये गावचे. १९४० साली ते बाँबे सॅपर्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेराहून राजौरीकडे आपल्या फौजेने कूच केले. राजौरीत शत्रूने कहर मांडला होता, आणि एकेक दिवस म्हणजे एकेक घर अशी स्थिती होती. वाट अरुंद, डोंगराच्या कडेची. जागोजाग सुरुंग पेरलेले, पाइनची झाडे तोडून आडवी टाकलेली, आणि वरच्या टेकड्यांवरून तोफगोळे व मशीनगनचा मारा. ८ एप्रिलला सुरुंग काढण्याचे काम सुरू होते न होते तोच उखळी तोफांचे गोळे पडले. दोन सॅपर जागीच ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. जखम बांधून ते पुन्हा कामाला लागले. पुढचे तीन दिवस त्यांनी सुरुंग काढले, अडथळे उडवले, जेथे रस्ता मोकळा होईना तेथे बाजूने नवी वाट पाडली. ११ तारखेला तर ते सलग सतरा तास काम करीत होते, आणि फौज चिंगसला पोहोचली. हे चिंगस म्हणजे मोगल बादशहांच्या काश्मीर-वाटेवरील जुनी सराई. १६२७ साली वाटेत मेलेल्या जहांगिराची आतडी जेथे पुरली तेच ठिकाण. (इतिहासाच्या पदवीधराला असा मजकूर जिभेवर आल्यावर गिळता येत नाही, याची वाचकांनी क्षमा करावी.) १२ एप्रिलला डोग्रा पलटण राजौरीस पोहोचली. राण्यांना परमवीर चक्र मिळाले. ते स्वतःच्या हयातीत मिळण्याचे भाग्य ज्या थोड्यांना लाभले त्यांत ते एक. पुढे ते १९९४ पर्यंत होते.

येथवर सांगून आम्ही व्याख्यानाचा कळस गाठला. राण्यांच्या पराक्रमात रणगाड्याची एक हकीकत सांगतात. समोरून मारा इतका होता की उघड्यावर सुरुंग शोधणे म्हणजे मरणच. तेव्हा राणे पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. दोन्ही बाजूंना फिरणारे लोखंडी पट्टे, डोक्यावर काही टनांचे धूड, आणि खाली हा माणूस गाडा सरकेल तसा सरपटत चाललेला. वरच्या चालकाला खालचे काही दिसत नाही, खालच्याचा आवाज वरती पोहोचत नाही. म्हणून राण्यांनी दोन दोऱ्या घेतल्या; एक ओढली की ‘थांब’, दुसरी ओढली की ‘चल’. “केवढे हे निर्भय काळीज!” असे म्हणून आम्ही टाळ्यांची वाट पाहिल्यासारखे थांबलो.

सुभेदारसाहेब काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “निरभय कसलं, बाबूजी? भ्या असल्याबिगर मानूस गाड्याखाली शिरंल व्हय? ज्येला भ्या न्हाई त्यो समोरनं चालत जाईल आन् मरंल. ह्यो भ्याला, म्हनून त्येला ही अक्कल सुचली. सॅपर लोक आमच्या म्होरं चालत्यात. आमी त्येंच्या पावलावर पाऊल टाकायचं. भ्या त्येंनाबी वाटतं, आमालाबी. पर भ्या वाटलं की एक तर मानूस पळतो, न्हाई तर दोरी शोधतो.”

आम्ही वरमलो. पण त्यांचे पुढचे बोलणे आमच्या मनात अधिक रुतले. ते म्हणाले, “आनि तुमी त्या डायवरचं काय बोलला न्हाई. त्यो वर बसलाय. त्येला कायबी दिसत न्हाई. खालनं दोरी हालली की चालायचं. खाली आपला मानूस हाय, ह्येवढ्यावर त्यो गाडा सुरुंगावर घालतोय. त्येलाबी पदक पायजे हुतं.”

आम्ही या विषयावर इतकी भाषणे केली, पण रणगाड्याच्या चालकाचा विचार आमच्या मनाला कधी शिवला नव्हता.

त्यानंतर आम्ही व्याख्याने देणे सोडून ऐकण्याचे काम पत्करले. लष्करी जीवनातील विनोदाविषयी आम्हां नागरिकांची कल्पना अशी की तो केवळ वेळ घालवण्यासाठी असतो. फील्ड मार्शल माणेकशा तरुणपणी १९४२ साली ब्रह्मदेशात पोटात गोळ्या लागून इस्पितळात पडले, आणि काय झाले असे डॉक्टरने विचारताच “खेचराने लाथ मारली” असे म्हणाले, ही गोष्ट आपण हसत हसत एकमेकांना सांगतो. सुभेदारसाहेब म्हणाले, “त्ये हसायला न्हाई बोललं. डाक्टरला हसवायला बोललं. हसनारा डाक्टर मानूस सोडून देत न्हाई.” विनोद हेसुद्धा एक हत्यार आहे, आणि ते बहुधा दुसऱ्याला वाचवण्यासाठी चालवले जाते, असा याचा अर्थ आम्ही घेतला.

याच ओघात त्यांनी आपल्या एका सोबत्याची हकीकत सांगितली. दोघे एकाच तालुक्याचे. काश्मीरमध्ये बर्फात गाडल्या गेलेल्या एका चौकीवर त्यांनी एक हिवाळा काढला. वाट बंद झाली की टपाल महिना-महिना येत नसे, आणि आले की गठ्ठ्याने येई. मग सारे जण शेगडीभोवती बसत आणि हा सोबती प्रत्येकाचे पत्र मोठ्याने वाचून दाखवी. कारण त्याचा आवाज कीर्तनकाराचा. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या विहिरीला पाणी लागले, कुणाच्या मेव्हण्याने पुन्हा दारू धरली, सारी चौकी ऐके. त्या चौकीवर एक पोरगा होता. आईबाप नसलेला, कुणाचेच पत्र न येणारा. तो मागे भिंतीला टेकून बसे. एकदा हा सोबती स्वतःच्या आईचे पत्र वाचता वाचता शेवटी म्हणाला, “ताजा कलम. तुझ्या शेजारच्या खाटेवर जे पोर निजतं त्याला माझा आशीर्वाद सांग. त्याला म्हणावं, रात्री कानाला फडकं बांधून नीज.” पोरगा उठून पुढे येऊन बसला. पुढल्या टपालात आणखी एकाच्या पत्रात त्याची चौकशी आली. हळूहळू असे झाले की प्रत्येकाच्या घरून या पोराला काही ना काही निरोप येऊ लागला.

“आन् एक दिवस,” सुभेदारसाहेब म्हणाले, “पोरानं ती पत्रं हळूच उचलून बगितली. कशातबी त्येचं नाव न्हाई. आमी म्हनलं, आता ह्यो रडतोय का भांडतोय. कायबी बोलला न्हाई. पत्रं घडी घालून ठिवली. आन् म्होरल्या टपालाला पैल्या रांगंत येऊन बसला, ऐकायला.”

त्या सोबत्याचे पुढे काय झाले, असे आम्ही विचारले. सुभेदारसाहेबांनी ते चार वाक्यांत सांगितले. काही वर्षांनी, दुसऱ्याच ठिकाणी, एका नाल्यात चकमक झाली. एक जवान मांडीला गोळी लागून मध्येच पडला. हा सोबती सरपटत गेला, त्याला ओढत दगडामागे आणले, आणि स्वतः दगडाआड होण्याआधी पडला. “तो जवान म्हणजे तोच पोरगा काय?” आमच्यातल्या कथाप्रेमी माणसाने उतावळेपणाने विचारले. “न्हाई वो. ह्यो दुसराच. आठ दिवसांमागं आलेली नवी भरती. त्येचं नावसुदिक धड ठावं नव्हतं त्येला.”

पुढच्या एका रविवारी सुभेदारसाहेबांना घेऊन आम्ही राष्ट्रीय समरस्मारक पाहण्यास गेलो. दिल्लीत इतकी वर्षे राहून आम्ही तेथे गेलो नव्हतो. पाहुणे आले म्हणजे दाखवू, अशा यादीत ते पडून होते. इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धाच्या काळातील तेरा हजारांवर नावे आहेत. स्वतंत्र भारताच्या सैनिकांचे स्मारक मात्र २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उघडले. एकात एक अशी चार वर्तुळे: अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र. त्याग चक्राच्या भिंती चक्रव्यूहाच्या धर्तीवर रचल्या आहेत, आणि त्यांतील ग्रॅनाइटच्या प्रत्येक तुकड्यावर सोनेरी अक्षरांत एकेका सैनिकाचे नाव कोरले आहे. उद्घाटनाच्या वेळी अशी २५,९४२ नावे होती.

पलीकडे परमवीरांचे एकवीस अर्धपुतळे आहेत. राण्यांच्या पुतळ्यासमोर सुभेदारसाहेबांनी टाच जुळवून सलाम केला. आम्हांला सलाम येत नाही. आम्ही नमस्कार केला. परमवीर चक्राशी एका मराठी घराचा विशेष संबंध आहे, हे आम्ही त्यांना सांगितले. हे पदक रेखाटले सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने त्या युरोपीय, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून त्या या देशाच्या झाल्या, आणि येथील पुराणे त्यांनी आमच्यासारख्या पदवीधरांपेक्षा अधिक मन लावून वाचली. साध्या काशाच्या त्या चकतीवर त्यांनी इंद्राचे चार वज्र घातले. वज्र कशाचे? दधीची ऋषींच्या अस्थींचे. देवांना शस्त्र हवे होते म्हणून एका माणसाने आपली हाडे दिली. हे पदक पहिल्यांदा ज्यांना दिले गेले ते मेजर सोमनाथ शर्मा सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे ते कामी आले होते. हात आधीच प्लॅस्टरमध्ये होता, तरी ते पलटणीबरोबर गेले होते.

ज्यांची नावे या भिंतींवर असू शकत नाहीत त्यांचीही आठवण आम्हांला झाली. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील सारे जण ठार वा जखमी झाले. उरलेला एकटा नाईक मशीनगनवर धावून गेला. बंदुकीत नवे काडतूसखाने भरण्यास वेळ नव्हता, म्हणून तीच उलटी धरून त्याने ठाणे मोकळे केले आणि नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला. वय बावीस. त्याचा देहही सापडला नाही. संगमनेरकडील निमजचे नामदेव जाधव हे कंपनीचे ‘रनर’, म्हणजे निरोप पोहोचवणारे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून व सुरुंगांतून एकेक करून परत पोहोचवले, पुन्हा जाऊन शत्रूची तीन मशीनगन ठाणी निकामी केली, आणि मग काठावर चढून शिवछत्रपतींच्या नावाचा जयघोष करीत उरलेल्या पलटणीला हात केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्यांच्या देशाला तेव्हा स्वतःचे राज्य नव्हते, त्यांनी परक्यांच्या युद्धात दिलेले हे मोल कोणत्या भिंतीवर मांडावे, हा प्रश्न अवघड आहे. इटलीतील मोंतोने गावच्या लोकांनी तो २०२३ साली आपल्या परीने सोडवला: तेथे घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभे राहिले.

त्याग चक्रात सुभेदारसाहेब तासभर शोधत होते. अखेर ते एका ठिकाणी थांबले. सोबत्याचे नाव तेथे होते. त्यांनी चार बोटे त्या अक्षरांवरून फिरवली, जशी एखादी आई मुलाच्या पाठीवरून फिरवते. नंतर खिशातून रुमाल काढून अक्षरांवरची धूळ पुसली. धूळ मुळीच नव्हती. परत येताना मेट्रोत बसायला जागा मिळाली नाही. एका तरुणाने त्यांना जागा देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. द्वारका जवळ आल्यावर मात्र ते एकाएकी बोलले.

“भिंतीवर नाव बराबर हाय, बाबूजी. कागदावरच घोळ हाय.”

तो घोळ असा होता. सोबत्याच्या पत्नीचे माहेरचे नाव एक आणि सासरचे दुसरे. आपल्याकडे लग्नात तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिण्याची चाल. त्या काळी तेच नाव पलटणीच्या कागदांत गेले आणि त्याच नावाने इतकी वर्षे पेन्शन येत राहिली. पुढे आधारपत्र काढताना गावात कुणीतरी तिचे शाळेच्या दाखल्यावरचे, म्हणजे माहेरचे नाव घातले. गेल्या साली संगणकात दोन्ही ताडून पाहिली गेली, ती जुळेनात, आणि पेन्शन थांबली. आठ महिने झाले होते. बाई तीन वेळा तालुक्याला आणि दोन वेळा जिल्ह्याला जाऊन आली. प्रत्येक वेळी तिला एक कागद परत मिळाला, आणि प्रत्येक कागदावर तेच दोन शब्द.

“काय शब्द?” आम्ही विचारले, पण विचारतानाच आमच्या पोटात खड्डा पडला. कारण ते शब्द आम्हांला ठाऊक होते.

“‘नावात तफावत’,” सुभेदारसाहेब म्हणाले.

तो कागद आमच्या कार्यालयाचा नव्हता. आमच्या खात्याचा लष्कराशी काही संबंध नाही. पण ते दोन शब्द आम्ही स्वतः किती वेळा लिहिले असतील याची मोजदाद नाही. आमच्या टेबलावर दिवंगत कर्मचाऱ्यांच्या वारसांची प्रकरणे येतात. आता प्रकरण म्हणजे पडद्यावर उमटणारा हिरवा टिप्पणीकागद; पण कागद गेला तरी कारकुनाची लेखणी तीच राहिली. ‘नावात तफावत. पूर्तता करून घ्यावी.’ एवढे लिहिले की प्रकरण आमच्या यादीतून जाते, दुसऱ्याच्या यादीत पडते, आणि आमच्यावर कोणताही आक्षेप येत नाही. पूर्तता म्हणजे नेमके काय, कोणता कागद, कोणाच्या सहीचा, हे आम्ही लिहीत नसू. लिहिले असते तर तो आला असता, आणि आला असता तर आम्हांला निर्णय सुचवावा लागला असता.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. राण्यांचा रणगाडा डोळ्यांपुढे येत राहिला. वर बसलेल्या अधिकाऱ्याला खालची जमीन दिसत नाही. ती पाहणारा, चाचपणारा माणूस खाली असतो, आणि सरकारी कार्यालयात तो माणूस म्हणजे लिपिक. त्याच्याही हातात दोन दोऱ्या दिलेल्या असतात. बारा वर्षे आम्ही एकच दोरी ओढत आलो होतो. गाडा थांबवला की सुरुंग फुटत नाही. तेव्हा आम्ही स्वतःला दक्ष समजत होतो. पलीकडे राजौरीत कोणी वाट पाहत आहे, हा विचार आमच्या दक्षतेत बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही यादी उघडली. याच दोन शब्दांवर अडलेली नऊ प्रकरणे निघाली. सर्वांत जुने अलवर जिल्ह्यातील एका बाईचे. पती आमच्याच खात्यात शिपाई होता. सेवापुस्तकात पत्नीचे नाव ‘कमला’, आधारपत्रावर ‘कमलेश’. चौदा महिन्यांत आम्ही ते तीनदा परत पाठवले होते. तिन्ही वेळा अक्षर आमचेच. आम्ही ते प्रथमच पहिल्या पानापासून वाचले. सेवापुस्तकात पतिपत्नींचे एकत्र छायाचित्र होते. मुलांची नावे व जन्मतारखा दोन्हीकडे तंतोतंत त्याच होत्या. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र दुसऱ्याच खेपेस आलेले होते, आणि ते आम्ही पाहिलेही नव्हते. आम्ही पाऊण पानाची टिप्पणी लिहिली आणि शेवटी लिहिले, ‘उपरोक्त कागदपत्रांवरून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याची खात्री पटते. सबब मंजुरीची शिफारस आहे.’ बारा वर्षांत ‘शिफारस आहे’ हे शब्द आम्ही प्रथमच लिहिले असावेत. नेहमी आम्ही ‘आदेशार्थ सादर’ लिहून मोकळे होतो.

अनुभाग अधिकारी सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी आम्हांला बाजूला घेऊन मायेने विचारले, “पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर कोण देणार?” त्यांच्या प्रश्नात धमकी नव्हती, काळजी होती, आणि म्हणूनच तो प्रश्न मशीनगनपेक्षा कठीण होता. आम्ही म्हणालो, “आम्ही देऊ.” आवाज आमचाच होता, पण जरा लांबून आल्यासारखा वाटला.

चार दिवसांनी प्रकरण वरून परत आले. त्यावर शेरा होता: ‘कृपया चर्चा करावी.’ ज्यांनी सरकारी चाकरी केली आहे त्यांना या तीन शब्दांचा अर्थ सांगण्याची गरज नाही. वरच्या मजल्यावरच्या त्या दाराशी आमचे गुडघे खरोखर कापत होते. सुभेदारसाहेबांनी भीतीविषयी सांगितलेले सारे आम्हांला पाठ होते, पण पाठ असल्याने गुडघे थांबत नाहीत, हा अनुभव नोंदवून ठेवतो. साहेबांनी टिप्पणी वाचली, छायाचित्र पाहिले, प्रतिज्ञापत्राची तारीख पाहिली. “तुम्हांला खात्री आहे?” त्यांनी विचारले. “होय,” आम्ही म्हणालो. त्यांनी मंजुरी दिली. सारा प्रसंग तीन मिनिटांत आटोपला. आम्ही उठून दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारले, “मग याला चौदा महिने का लागले?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. ज्याला आम्ही वर बसलेला आंधळा चालक समजत होतो, तो दोरीची वाट पाहत बसला होता.

उरलेल्या आठांपैकी सहा प्रकरणे त्या महिन्यात निघाली. दोहोंत खरोखरच कागद अपुरे होते. त्यांना कोणता कागद, कोठून, कसा आणावा हे सविस्तर हिंदीत लिहून खाली आम्ही आमच्या टेबलाचा दूरध्वनी क्रमांक घातला. तो क्रमांक पाहून आमचे सहकारी अजून हसतात. याला शौर्य म्हणण्याइतके आम्ही निर्लज्ज नाही. ज्याच्यावर गोळी झाडली जात नाही त्याने त्या शब्दाला हात लावू नये. दधीचींनी अस्थी दिल्या. आम्ही फार तर पाऊण पान दिले, आणि तेही चौदा महिने उशिरा.

सुभेदारसाहेबांच्या सोबत्याच्या पत्नीसाठीही आम्ही अर्ज लिहून दिला. सोबत काय काय जोडावे याची यादी केली. प्रतिज्ञापत्र झाले, अर्ज गेला, पोच आली. हे लिहीपर्यंत पेन्शन मात्र पुन्हा सुरू झालेली नाही. तेथेही कुठल्याशा टेबलाशी आमच्यासारखाच एक गृहस्थ बसलेला असेल. त्याचे नाव आम्हांला ठाऊक नाही. पण त्याला आम्ही चांगले ओळखतो.

हा सारा वृत्तांत आम्ही बाकावर बसून सुभेदारसाहेबांना सांगितला. गुडघ्यांची गोष्टही लपवली नाही. ते शाबासकी देतील अशी, खरे सांगायचे तर, आमची अपेक्षा होती. ते ऐकत होते. मध्येच एक विमान पालमकडे उतरले, तेव्हा आम्ही दोघेही वर बघून गप्प राहिलो. आवाज विरल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला.

“आमच्या गावातल्या आनिक एकीचा हाय,” ते म्हणाले. “ह्येबी जरा बघा, बाबूजी.”

उजेड कमी झाला होता. आम्ही चष्मा पुसला आणि कागद उलगडला.